धावड्याची काठी

निघायच्या आदल्या दिवशी मी घरात एक व्याख्यान दिलं होतं. जंगलात जाताना पायांत बूट हवेत, कपडे भडक नकोत, बडबड तर मुळीच नको. श्रोते तीन : बायको सुलभा, थोरला भाऊ आणि वहिनी. पैकी भाऊ-वहिनी येणारच नव्हते. कुरुंद्याच्या आमच्या घरामागं हळद शिजत होती, त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. तरी बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं. मी पुण्यात कारकुनी करतो, वर्षातून एकदा गावी येतो आणि आलो की सगळ्यांना काही ना काही शिकवून जातो.

सकाळी शिरड शहापूरला चहासाठी गाडीतून उतरलो, तर सुलभा माझ्या पायांकडे बघत राहिली. डाव्या पायात माझी निळी स्लिपर, उजव्या पायात भावाची तपकिरी. बूट ओसरीवर, पिशवीत घालून, गाठ मारून ठेवलेले.

"व्याख्यानात हे नव्हतं," ती म्हणाली.

चहावाल्यानं वाकून पाहिलं. "असू द्या काका. पाय तर दोन्ही तुमचेच हायत ना?"

औंढ्याच्या अलीकडे रस्ता सोडून आम्ही एका टेकडीपाशी गेलो. गावाचं नाव सांगत नाही. का ते पुढं कळेल. या गावानं टेकडीवरचं रान गेली काही वर्षं राखलंय. पायवाटा आखल्यात, आणि पाहुण्यांना हिंडवायला गावातल्याच बाया येतात. आमच्या वाट्याला आल्या गंगासागरताई. चाळिशीच्या, पदर खोचलेला, पायांत साधे कॅनव्हासचे बूट. माझ्या पायांकडे एकदा पाहून त्यांनी सभ्यपणे नजर वळवली.

"कोन गावचे म्हनायचे?"

"कुरुंद्याचे."

"म्हंजी हळदवाले," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

फाटकापाशी त्यांनी नियम सांगितले. "हितं कुऱ्हाड बंद, चराई बंद. वाळलेली काडी बी उचलायची न्हाई. दिवाळीनंतर गवत कापून घरटी वाटून घेतो आमी. पर ज्यानं नियम मोडला, त्याचं त्या सालचं गवत बंद."

"वा! असंच पाहिजे," मी म्हणालो, आणि शिस्तीवाचून आपला देश कसा मागं राहिला, हे सुलभाला पहिल्या वळणापर्यंत समजावून सांगितलं. ताई वळून म्हणाल्या, "दादा, जरा हळू. पाखरं उठून राहिली."

रान मोठं सुरेख होतं. पानं गळून गेलेली, त्यामुळे खोडंच दिसत होती : सालईची कागदासारखी सुटलेली साल, धावड्याची गोरी, गुळगुळीत अंगं. मधेच एखादा पळस पेटलेला. तांबट कुठंतरी बसून टुक् टुक् करत होता. मी मान मोडेपर्यंत शोधला, सुलभाला तो लगेच दिसला. चार वानरं फांदीवर पाठ करून बसली होती. आमच्या येण्यानं त्यांना काही फरक पडला नाही.

चढ लागला आणि माझे पाय वेगवेगळ्या दिशांना जायला लागले. भावाची स्लिपर एक नंबर मोठी. दोनदा घसरलो, एकदा बसलोच. तोवर ताई आणि सुलभा वळणाआड गेल्या होत्या. वर रोही (नीलगाय) आहेत, लवकर या, असं ताई खुणावून गेल्या होत्या.

वाटेपासून चार पावलांवर एक जुना, रुंद खुंट होता. त्याच्या कडेला धावड्याचा एकच फुटवा वर आलेला. पुरुषभर उंच, अंगठ्याहून जाड, आणि सरळ तर असा की देवानं माझ्यासाठी काठीच उभी करून ठेवलीय. खिशात काकडी कापायचा चाकू होता. एवढ्या मोठ्या रानात एक काठी! मी इकडंतिकडं पाहिलं. माणूस इकडंतिकडं पाहतो तेव्हा त्याला सगळं कळत असतं, एवढं आता कबूल करतो. लाकूड चिवट निघालं. कुरतडून, पिळून, शेवटी पाय देऊन मी ते मोडलं.

"काठी कुठून आली?" सुलभानं विचारलं.

"पडली होती."

काठीचं टोक हिरवं, ओलं होतं. तिनं त्यावरून एकदा बोट फिरवलं.

माथ्यावरून रोही दिसल्या. तीन माद्या आणि एक निळसर काळा नर, कान हलवत उभे. आम्ही श्वास रोखून पाहत राहिलो. काठी मी खडकामागं ठेवली होती. मग दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडी. त्याच चाकूनं कापली आणि पहिली फोड ताईंना दिली.

उतरताना ताई पुढं, मधे सुलभा, मागं मी.

"म्होरं माझं झाड दाखवते," ताई म्हणाल्या. "येताना रोही निघून जातील म्हनून थांबले न्हाई. लई मोठा धावडा होता तो. माझ्या सासऱ्याच्या डोळ्यांदेखत तोडून नेला, हळदीच्या कढईखाली. खुंटाला धा-बारा फुटवे फुटले. सगळे ठिवले तर झुडूपच व्हतंय. मंग एकच सरळ बघून ठिवायचा, बाकीचे काढायचे. चार सालं झाली, जपून राहिले मी."

माझे वडील हळदीच्या दिवसांत गाडीभर लाकूड आणवायचे. लहानपणी त्या गाडीवर बसून मी गाणी म्हटली आहेत. लाकूड कुठून येतं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

मी हातातली काठी हळूच घाणेरीच्या झुडपात सोडली.

खुंटापाशी ताई थांबल्या. मग त्यांनी तुटक्या फुटव्यावर हात ठेवला, जसा आपण तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो. रानाच्या हद्दीबाहेर, खालच्या बांधावर एक म्हातारा शेरडं चारत होता. ताई कडाडल्या, "मारोतीकाका! वर या!"

म्हातारा धापा टाकत आला.

"काहून तोडलं?"

"म्या? माझ्यापाशी कुऱ्हाड तरी हाय का, पोरी?"

"मागल्या साली बी असंच म्हनला होता. फांद्या शेरडांपुढं घावल्या. आता बैठकीत सांगते. तुमचं यंदाचं गवत बंद."

"नागनाथाची आन घेतो. मागल्या साली चुकलो, व्हय. हे म्या न्हाई केलं. गवत बंद केलं तर शेरडं इकावी लागतील गं."

माझ्या तोंडात तेव्हा 'मी' हा शब्द आला होता. व्याख्यानात दर दोन वाक्यांनी येणारा हा शब्द दातांपाशी येऊन तिथंच बसला. सुलभा माझ्याकडे बघत होती. मी तांबट शोधायला लागलो.

म्हाताऱ्यानं वाकून घाव पाहिला. "हे कुऱ्हाडीचं कामच न्हाई. उंदरानं कुरतडल्यावानी हाय. आमच्यातलं माणूस एवढं वंगाळ तोडत न्हाई." मग त्यानं खालच्या फुफाट्याकडे (मऊ धुळीकडे) पाहिलं. चुकलेली शेळी माग काढून शोधणारी ती नजर. "हितं एक पाय रेघांचा हाय. दुसरा गोल ठिपक्यांचा. असं कोन चालतंय?"

तिघांचीही नजर हळूहळू माझ्या पायांवर आली.

"मी तोडलं," मी म्हणालो. उशीर किती झाला होता, हे आवाजावरूनच कळत होतं. जाऊन झुडपातून काठी काढून आणली आणि दोन्ही हातांनी ताईंपुढं धरली.

त्यांनी माझ्याकडे न पाहता ती घेतली. त्या म्हाताऱ्याकडे वळल्या. "काका, खोटा आळ घेतला म्या. चुकले." आणि काठी त्याच्या हातात दिली. "ही तुमची."

मी म्हाताऱ्याच्या पाया पडायला वाकलो, तर तो मागं सरला. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. म्या बी तोडलंय की."

"आता काय होईल झाडाचं?" सुलभानं विचारलं.

"पावसाळ्यात फुटंल परत," ताई म्हणाल्या. "म्होरची चार सालं मोजायची."

खालचा उतार फार निसरडा होता. मी पहिल्याच पावलाला घसरलो. पुढं चाललेला म्हातारा थांबला आणि काठीचं एक टोक माझ्याकडे करून म्हणाला, "धरा." ते हिरवं टोक धरून, त्याच्या शेरडांच्या मागोमाग, मी गावापर्यंत उतरलो. वाटेत दोन बाया थांबून बघत होत्या. त्या गावाचं नाव मी सांगत नाही, ते यामुळे.

संध्याकाळी कुरुंद्यात शिरलो तेव्हा हळदीचा वास वेशीपासूनच आला. लहानपणापासून तो मला सणासारखा वाटत आलेला. त्या दिवशी मात्र कढईखाली कुठलं लाकूड जळतंय, हा प्रश्न त्या वासाबरोबरच आला. भावानं विचारलं, "काय पाह्यलंस?" मी म्हणालो, "रोही." आणि त्याची स्लिपर त्याच्यापुढं काढून ठेवली.

हात-पाय धुताना सुलभाला म्हणालो, "मी सांगणारच होतो गं."

ती टॉवेल देत म्हणाली, "मी ठरवलं होतं, मनात दहापर्यंत मोजायचं. तोवर तुम्ही बोललात तर ठीक, नाहीतर मी सांगणार. दहा झाले, तुम्ही गप्प. म्हटलं, बोलतील, परत एकपासून सुरू केलं."

"मग?"

"तिसऱ्यांदा सातावर आले होते, तेव्हा काकांनी खाली पाहिलं."