श्रीकंठय्यांना विचारल्याशिवाय काढू नये

पूर्णिमा हेब्बारला सोमवारपर्यंत एका कागदावर सही करायची होती, आणि एका ओळीने ती सही अडवून धरली होती.

बंगळुरूच्या पीण्या भागातल्या तिच्या कंपनीत लिफ्ट चालवणारे प्रोग्राम लिहितात. चिकपेटपासून यशवंतपुरापर्यंत दोनशेबारा जुन्या इमारती आहेत, जिथे जाळीच्या सरकत्या दाराच्या लिफ्ट अजून याच कंपनीच्या प्रोग्रामवर वरखाली करतात. त्या सगळ्यांना आता नवा प्रोग्राम बसायचा होता. कागदावर लिहिलेलं होतं, 'यातली प्रत्येक ओळ मला समजली आहे', आणि खाली जागा सोडली होती पूर्णिमाच्या सहीसाठी. उद्या कुठे कुणाला काही झालं, तर लोक तिच्याच दारात येणार होते.

प्रोग्राममधली ती ओळ काही फार अवघड नव्हती. दार बंद झालं की तीन सेकंद थांब, तेवढ्यात दार जरासुद्धा हललं नाही तरच निघ. एवढंच. आणि बाजूला शेरा: 'काढू नये. श्रीकंठय्यांना विचारावे.' का काढू नये, ते नाही. काढलं तर काय होईल, तेही नाही.

मॅनेजर प्रज्वलचं म्हणणं होतं, काढून टाक. पोरगा वाईट नाही, पण त्याला कायम कुठेतरी पोचायचं असतं. भाडेकरूंच्या तक्रारींची थप्पी त्याच्या टेबलावर होती, लिफ्ट रुसल्यासारखी उभी राहते म्हणून. ती ओळ काढून त्याने प्रयोगशाळेतल्या दारावर अकराशे चाचण्या घेतल्या होत्या आणि एकीतही काही बिघडलं नव्हतं. ठेवायचीच असेल तर कारण लिही, म्हणाला, तपासायला येणारा माणूस कारण नसलेली ओळ पुढे जाऊ देत नाही. म्हणजे काढली तरी जबाबदारी तिची, ठेवली तरी तिची. प्रज्वल मोकळा.

पूर्णिमाला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. श्रीकंठय्यांनी कारण लिहिलं नाही? अहो, कारण लिहिलं नाही म्हणून ज्यांनी अख्ख्या ऑफिसला रडवलं, ते हेच श्रीकंठय्या! सतरा वर्षांपूर्वी ती त्यांच्या हाताखाली नोकरीला लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिचा प्रोग्राम छापून घेतला, लाल पेनाने गोल काढले आणि विचारलं होतं, "हे काय करतंय ते मला दिसतंय. का करतंय, ते तुझ्या सासूला विचारू का?" तेव्हा तिचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला होता. अशा माणसाने स्वतःच शेरा अर्धवट सोडावा, हे काही तिच्या पचनी पडेना.

शनिवारी सकाळी ती मत्तिकेरेला त्यांच्या घरी गेली. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती. पंचा आणि बनियन घालून श्रीकंठय्या पाण्याच्या टाकीच्या मोटारीचा स्विच खोलून बसले होते. पद्मावतम्मांनी तिच्यापुढे कडबोळ्यांसारखे कोडुबळे आणि कॉफी ठेवली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, ऐकायला कुणी आलं की यांना चेव येतो, तेव्हा तू आधी खाऊन घे.

आणि खरंच चेव आला. ऑफिसात आता उभ्याने बैठका होतात हे ऐकून ते म्हणाले, आम्हीही उभ्यानेच घ्यायचो, खुर्च्याच नव्हत्या, पण बैठक काही पाच मिनिटांनी लहान झाली नाही. हुद्द्यांबद्दल त्यांचं मत असं, की त्यांच्या काळी एक इंजिनिअर असे आणि एक त्याला ओरडणारा असे. आता कार्डावर दोन ओळींचा हुद्दा छापलेला असतो, आणि यातला नेमका कोण समोर बसलाय तेच कळत नाही. कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे, असं कुणी म्हणालं की पगाराची चिठ्ठी नीट बघून घ्यावी, असंही ते म्हणाले. कॉम्प्युटर वेगवान असतो हे त्यांना कधीच पटलं नव्हतं. तो निर्लज्ज असतो, म्हणाले. एकच चूक लाख वेळा करतो आणि एकदाही मान खाली घालत नाही. पुतण्याच्या मुलाने त्यांना स्वतःहून प्रोग्राम लिहिणारं यंत्र दाखवलं होतं. ते त्यांना आवडलंही होतं. माझ्याहून स्वच्छ लिहितं, म्हणाले, पण विचारल्याबरोबर उत्तर देतं, हे मला जरा संशयास्पद वाटतं.

पूर्णिमा हसत होती, खात होती, आणि मध्येच तिने विचारलं. तीन सेकंदांचं काय, सर?

श्रीकंठय्या पुन्हा स्विचमध्ये डोकं घालून बसले. टाकीतल्या तरंगत्या चेंडूबद्दल बरंच काही बोलले. तिने ऐकून घेतलं आणि परत तेच विचारलं. मग त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"चाचण्या पास झाल्या?"

"अकराशे, सर."

"कधी घेतल्या?"

"गेल्या पंधरवड्यात. मार्चमध्ये."

"दाराला काय बांधलं होतं?"

पूर्णिमाला प्रश्नच कळला नाही. दाराला काय बांधणार? आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, ती स्वतः प्रयोगशाळेतल्या पॅनेलला कुंकू लावते, झेंडूचा हार घालते. त्या दिवशी कुणी चाचणी घेत नाही. यंत्रांना सुट्टी असते.

पण लिफ्टला कुठली सुट्टी?

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, श्रीकंठय्या सांगू लागले. चिकपेटमधल्या एका पाच मजली इमारतीत कंपनीने पहिल्यांदा कॉम्प्युटरवर चालणारी लिफ्ट बसवली. प्रोग्राम त्यांचा. जुनी लिफ्ट दार लागल्यावर खडखड करत विचार करत बसायची, ही मात्र दार लागलं रे लागलं की निघायची. त्यांना त्याचा भारी माज होता. कुणी पाहुणा आला की घड्याळ लावून दाखवायचे.

लिफ्टवर मुनियप्पा नावाचा माणूस होता. श्रीकंठय्या तिथे तीन महिने काम करत होते, तेव्हा रोज त्यांचा डबा तो पाचव्या मजल्यावर नेऊन द्यायचा. आयुधपूजेला त्याने लिफ्ट धुतली, दोन्ही बाजूंना केळीचे खांब लावले आणि आत उभं राहून जाळीच्या दाराला मनगटाएवढा जाड हार बांधायला घेतला. गाठ मारायला हात जाळीतून बाहेर काढलेला. दार जेमतेम अर्धं लागलेलं. पण तो हार घसरून नेमका त्या छोट्या स्विचवर बसला, जो लिफ्टला सांगतो की दार लागलं. चौथ्या मजल्यावर कुणीतरी घंटी दाबली.

"मी समोरच उभा होतो," श्रीकंठय्या म्हणाले. "पूजेचा मान माझा होता. माझ्या हातात नारळ होता. आणि ती निघाली, जशी मी निघायला सांगितली होती तशी."

मुनियप्पाची दोन बोटं गेली.

चौकशीला सरकारी अधिकारी आला, तेव्हा मुनियप्पाने हाताला पट्टी बांधलेली असतानाच सांगून टाकलं की लिफ्ट चालू असताना मीच मूर्खासारखा हात बाहेर काढला, चूक माझी. त्याला कुणी तसं सांगायला लावलं नव्हतं. श्रीकंठय्यांच्या दोन मुली तेव्हा लहान होत्या, हे त्याला डबा देताना होणाऱ्या गप्पांतून माहीत होतं. चौकशी मिटली. दुसऱ्या दिवशी श्रीकंठय्या ऑफिसात गेले आणि त्यांनी ती तीन सेकंदांची ओळ लिहिली. हार घसरला किंवा कुणाचा हात लागला की दार थोडंतरी हलतं, आणि हललं तर लिफ्ट निघत नाही.

पद्मावतम्मा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आयुधपूजेला हा माणूस घराबाहेर पडत नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांना वाटायचं, गर्दी आवडत नाही.

पूर्णिमाने विचारलं, "सर, मग कारण का नाही लिहिलं? आम्हाला तर एका शब्दासाठी सोलून काढायचात."

"काढायचो." त्यांनी पंच्याला हात पुसले. "शेऱ्यात माझं नाव आहेच ना. पण ते विचारायला या म्हणून आहे. मी केलं म्हणून नाही. तेवढं लिहायची छाती झाली नाही. रिटायर झाल्यापासून ऑफिसचा फोन आला की वाटायचं, विचारलं कुणीतरी. मग निघायचं, पेन्शनचा कागद. फोन ठेवल्यावर हायसं वाटायचं. आणि वाईटही वाटायचं."

पूर्णिमाला त्यांची दया आली, आणि रागही आला. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. ती भेटायला गेली होती, संत्री घेऊन. लिफ्टचा विषयसुद्धा निघाला नव्हता.

"सर," ती म्हणाली, "तेव्हा तुमचं काही बरंवाईट झालं असतं, तर ही ओळ मी सोमवारी काढून टाकली असती. दोनशेबारा इमारतींतून. अकराशे चाचण्यांच्या भरवशावर."

श्रीकंठय्यांनी मान हलवली. मग म्हणाले, काढ तुझं यंत्र. लिही.

तिने लॅपटॉप उघडला. ते एकेक वाक्य सांगू लागले, अगदी पूर्वीसारखं, घासून पुसून. आयुधपूजेच्या दिवशी लोक दाराला हार बांधतात. हारामुळे दार न लागताच लागल्यासारखं वाटतं. दार लागलं असं एकदा कळलं की निघावं, असा प्रोग्राम मी, श्रीकंठय्या, याने लिहिला होता. त्यामुळे लिफ्टवरच्या माणसाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. इथे ते अडखळले. त्या माणसाचं नाव लिहायलाच हवं, म्हणाले, पण त्याने सरकारला वेगळं सांगितलंय. त्याला विचारल्याशिवाय त्याला खोटं पाडता येणार नाही.

मुनियप्पा आता मालूरला मुलीकडे असतो. त्याचा नंबर श्रीकंठय्यांना तोंडपाठ होता. पूर्णिमाने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. श्रीकंठय्यांनी काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, काय लिहितोय आणि कुठे. 

"हे कोण वाचणार, सार?" मुनियप्पाने विचारलं.

श्रीकंठय्यांनी फोन तिच्याकडे सरकवला. पूर्णिमा म्हणाली, "आमच्यानंतर जे लिफ्ट बनवतील ते. ही ओळ काढायला जो येईल, त्याला आधी हे वाचावं लागेल."

"मग लिहा माझं नाव. साहेबांनी एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं." तो थांबला. "फक्त मॅडम, उजवा हात लिहा. त्या सरकारी कागदात डावा पडलाय. मी तेव्हा काही बोललो नाही."

पूर्णिमाने श्रीकंठय्यांकडे बघितलं. ते त्या दिवशी समोर, चार पावलांवर उभे होते. त्यानंतर तो सरकारी कागद त्यांनी किती वेळा वाचला असेल, देव जाणे.

तिने 'डाव्या' पुसलं आणि 'उजव्या' लिहिलं. श्रीकंठय्या पुढे वाकून त्या शब्दाकडे बघत राहिले, आणि पलीकडून मुनियप्पा विचारत होता की सार, तुमची तब्येत आता कशी आहे.