साहेबांच्या केबिनमधला चहा

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. युनियनमध्ये तर कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसासमोर बसून सांगायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती.

सातपूरच्या एका कारखान्यात माझी उभी हयात गेली. आमच्या युनियनचा एक जुना नेम होता. पगारवाढीच्या बोलणीला केबिनमध्ये गेलं, की मॅनेजमेंटचा चहा घ्यायचा नाही. कप पुढे यायचे, निवायचे, त्यावर साय धरायची; हात लावायचा नाही. चहात काय एवढं? पण ज्यानं तो घेतला तो विकला गेला, असं गेटवर सगळेच मानायचे.

तेव्हाचे अध्यक्ष रिटायर होणार होते. त्यांच्यामागे त्र्यंबकअण्णा येणार, हे ठरल्यातच जमा होतं. अण्णा घोटीकडचा, प्रेस मशीनवरचा, माझ्याच पाळीतला. आमचे डबे एकत्र उघडायचे. आणि मला — आता लपवून काय करू? — ती खुर्ची मला हवी होती. फार हवी होती.

त्या दिवशी बोलणी लांबली, जेवणाची वेळ टळून गेली. साहेब फोन घ्यायला बाहेर गेले. अध्यक्ष त्या दिवशी आले नव्हते; केबिनमध्ये आम्ही दोघंच. अण्णाला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. त्याला शुगर होती. गोळी घेऊन तो उपाशी बसला होता. कारखान्यात हे फक्त मला माहीत होतं. कंपनीला कळलं असतं तर त्याला मशीनवरून काढलं असतं. चहाला तो मानेनंच नको म्हणत होता. मीच साखर ढवळली. मीच कप त्याच्या ओठाला लावला. "घे रे, कोण बघतंय," म्हणालो.

अण्णापुढचा रिकामा कप शिपायानं उचलून नेला. दुसऱ्या दिवशी गेटवर कुजबुज सुरू झाली. लोक माझ्याकडे आले — खरंय का? आणि मी काय म्हणालो? "मी काय बोलू? चहा घेतला, एवढं खरं."

एक अक्षरही खोटं नव्हतं, बघा.

पुढचं लोकांनीच केलं. कुणी म्हणालं, अण्णाच्या पोराला कंपनी चिकटवून घेणार. कुणी म्हणालं, नाशकात द्वारकेला दुकानाचा गाळा घेतलाय. कॅन्टीनमध्ये तो आला की एखादा विचारायचा, "अण्णा, साहेबांकडचा मागवू का?" सगळे हसायचे. मी हसत नव्हतो — पण उठूनही जात नव्हतो.

एकदा तो मला सायकल स्टँडपाशी गाठून म्हणाला, "तूच बोल ना त्यांना. मी शुगरचं सांगाया गेलो तर मशीन जाईल माझं."

"बघतो," म्हणालो. काय बघणार होतो मी?

अण्णानं नाव मागं घेतलं. मी बिनविरोध अध्यक्ष झालो. खुर्चीत बसल्यावर तरी बोलायचं? उलट, दर नव्या कमिटीला मी तीच गोष्ट शिकवण म्हणून सांगत राहिलो. नाव घेत नव्हतो, एवढंच.

गेल्या महिन्यात माझा निरोपसमारंभ झाला. अण्णा घोटीहून एसटीनं आला होता, शेवटच्या रांगेत बसला होता. नवा अध्यक्ष भाषणाला उठला. भला माणूस आहे, त्याच्या मनात काही नव्हतं. "नानांनी आम्हाला शिकवलं," म्हणत माझ्याकडे हात करून त्यानं तीच गोष्ट सांगितली. एका कप चहाला विकला गेलेला माणूस — असं म्हणाला. शब्द माझेच होते. मागं कोण बसलंय, हे त्याला माहीत नव्हतं. टाळ्या पडल्या. अण्णाच्या हातात समारंभाचा चहा होता. त्यानं कप खुर्चीखाली ठेवला, तसाच भरलेला.

मग माइक माझ्याकडे आला. अण्णा माझ्याकडे बघत होता. रागानं नाही — वाट बघत होता. मी सगळ्यांचे आभार मानले. जुने सहकारी म्हणून त्याचंही नाव घेतलं, आणि खाली बसलो.