एक्केचाळीस टक्क्यांचा बेवडा

"मॅडम, ही सही तुमचीच ना?"

मरोळच्या आमच्या लॅबच्या काउंटरवर एका माणसाने रिपोर्ट ठेवला. वय पस्तिशीच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट, डोळे लाल. मी मनात म्हटलं, झालं, आला भांडायला. असे येतात. प्रत्येकाचं म्हणणं एकच, मी थेंबसुद्धा घेत नाही.

सही माझीच होती. मी इथे बायोकेमिस्ट आहे. वीस वर्षं झाली, माझ्या सहीशिवाय या विभागाचा रिपोर्ट बाहेर जात नाही.

त्याचं नाव सुमेध. राहायला घाटकोपर, मुलुंडच्या एका शाळेची बस चालवायचा. बसकंपनीने सगळ्या ड्रायव्हरांची सीडीटी तपासणी आमच्याकडून करून घेतली होती. तोंडाने फुंकायच्या यंत्रात फार तर काल रात्रीची दारू सापडते. सीडीटीत मागचे दोन-तीन आठवडे दिसतात. रोज भरपूर पिणाऱ्याचा आकडा वर जातो. साधारण दोन टक्क्यांच्या आत असला तर ठीक. सुमेधचा होता एक्केचाळीस.

"कंपनीने चावी काढून घेतली," तो म्हणाला. "ते बघेन मी काहीतरी. पण आई बोलत नाही माझ्याशी. आठ दिवस झाले."

"आईला सांगा समजावून."

"काय सांगू? माझा बाप दारूनेच गेला. तो पण रोज हेच सांगायचा, मी पीत नाही. आता माझ्या हातात छापील कागद आहे. सकाळी वंदनेला ती मला शेजारी बसू देत नाही."

घर बौद्ध. सकाळी वंदना, पंचशील. त्यातलं पाचवं शील नशा न करण्याचं. ज्या बाईचा नवरा दारूने गेला, तिच्या घरात हे शील किती घट्ट धरलेलं असणार, ते मला सांगायची गरज नव्हती. मला त्याची दया आली. पण दयेवर रिपोर्ट बदलत नाहीत.

मी आत गेले आणि त्याचा आकडा पुन्हा बघितला. एक्केचाळीस. आणि तेव्हा, तब्बल आठ दिवस उशिरा, मला साधा प्रश्न पडला. आजवर आमच्याकडे आलेले पट्टीचे पिणारे, ज्यांचे हात सुई टोचतानासुद्धा थरथरायचे, ते कधी वीसच्या पुढे गेले नव्हते. मग हा एक्केचाळीसवाला सरळ उभा कसा? तोही इस्त्रीचा शर्ट घालून?

आता माझ्या मूर्खपणाबद्दल. मशीन आकडा देतं आणि सोबत ग्राफही काढतं. आमची पद्धत अशी, की काठावरचा आकडा आला तर ग्राफ उघडून दहा वेळा बघायचा. दोनच्या थोडा वर, थोडा खाली, तिथेच भांडणं होतात. फार मोठा आकडा आला तर कोणी ग्राफ उघडत नाही, कारण त्यात शंका कसली? त्या दिवशी आमचा टेक्निशियन परब म्हणाला होता, "मॅडम, हा माणूस नाही, टाकी आहे." मी हसले आणि सही केली. ते हसणं आठवून मला आता लाज वाटली.

"परब, याचा ग्राफ उघड."

परब घाबरला की मालवणीवर येतो. स्क्रीन बघून म्हणाला, "मॅडम, ह्या काय झाला?"

थोडं समजावून सांगते. रक्तात लोह वाहून नेणारं एक प्रोटीन असतं, ट्रान्सफेरिन. त्याला साखरेसारख्या रेणूंची झालर असते. बरेच दिवस भरपूर दारू प्यायली की काही प्रोटीनांची झालर अपुरी राहते. मशीन विजेच्या जोरावर ही प्रोटीनं बारीक नळीतून पळवतं आणि अपुऱ्या झालरीची वेगळी करून मोजतं. ग्राफवर एक मोठा डोंगर येतो, चांगल्या झालरीचा. बाजूला छोटी टेकाडं. पिणाऱ्याचं एक टेकाड वाढतं.

सुमेधच्या ग्राफवर टेकाड वाढलेलं नव्हतं. दोन डोंगर होते, जवळजवळ सारख्या उंचीचे. मशीनने दुसऱ्या डोंगराला अपुरी झालर समजून सगळा मोजला होता. असा ग्राफ मी फक्त पुस्तकात बघितला होता. काही लोकांत ट्रान्सफेरिनची घडणच जन्मतः थोडी वेगळी असते. अर्धं आईकडून आलेलं, अर्धं बापाकडून, आणि दोन्ही वेगळी. त्याचा त्रास काही नाही. फक्त ही तपासणी अशा माणसाला चालत नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला चूक सापडल्याच्या भीतीपेक्षा आनंद जास्त झाला. दोन डोंगर!

लॅबचे मालक, आमचे सर, यांना आनंद झाला नाही.

"तुझी खात्री आहे?"

"जवळजवळ. घरातल्या कोणाचा ग्राफ असाच आला तर पक्की."

"कंपनी आपली क्लायंट आहे गं. तो ड्रायव्हर नाही."

"सर, रक्त तर ड्रायव्हरचं आहे ना?"

सर समोरची फाइल उघडून वाचू लागले. मी ते होकार समजले आणि सुमेधकडून नंबर घेऊन त्याच्या आईला फोन लावला.

"दारूची तपासणी? माझी?" कौसाबाईंचा आवाज चढला. "पोराची करा की."

"मावशी, परीक्षा मशीनची घ्यायची आहे. थोडंसं रक्त द्या."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. पांढरी साडी, मुलापासून दोन खुर्च्या सोडून बसल्या. मी नखं चावत होते. वेगळं प्रोटीन बापाकडून आलं असेल, तर बाप नाही, पुरावाही नाही.

तासाभराने परबने हाक मारली. दोन डोंगर. आकडा एकोणचाळीस.

मी प्रिंट काढून कौसाबाईंच्या हातात दिली. आकडे त्यांना वाचता येत होते.

"म्हणजे मी पण बेवडी?"

परबला हसू आवरेना. मी सगळं समजावलं, डोंगर, झालर, आईकडून आलेला वारसा. सुमेध आईकडे बघत होता. मला वाटलं, आता त्या उठून त्याच्या शेजारी बसतील.

त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे तुमचं मशीन चुकलं, एवढं कळलं. पोरगा पीत नाही, हे कुठं कळलं?"

बरोबर तेच. ही तपासणी त्याच्यासाठी निकामी होती, म्हणून तो निर्दोष ठरत नव्हता. शिकाऊ मुलांना हा फरक समजवायला माझा आठवडा जातो. कौसाबाईंना तो नवऱ्याने शिकवला होता.

एक दुसरी तपासणी असते, पेथ नावाच्या रेणूची. दारू पोटात गेल्याशिवाय तो रेणू रक्तात तयारच होत नाही, आणि नेमाने पिणाऱ्याच्या रक्तात तो काही आठवडे राहतो. झालरीशी त्याचा संबंध नाही. आमच्याकडे ती होत नाही, बाहेर पाठवावी लागते. सुमेधने न विचारता बाही वर केली.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. रेणू आढळला नाही. मी जुना रिपोर्ट चुकीचा असल्याचं कंपनीला लेखी कळवलं, चूक माझी हेही लिहिलं. सरांनी कपाळावर हात मारला, पण पत्र जाऊ दिलं. सुमेधला चावी परत मिळाली.

माझ्या सहीचा दुरुस्त कागद घ्यायला मायलेक दोघं आले. कौसाबाईंनी तो उघडलाच नाही.

"या टायमाला सही करायच्या आधी नीट बघितलं ना?"

"बघितलं, मावशी. दोनदा."

त्यांनी मान हलवली. मग सुमेधकडे न बघता म्हणाल्या, "हा पहिल्या दिवसापासून तोंडाने हेच सांगत होता. मी कागदाचं ऐकलं."

"जाऊ दे ना, आई," सुमेध म्हणाला.

"जाऊ दे काय? उद्या लवकर ऊठ. वंदनेला शेजारी बस."

आता आमच्याकडे नियम आहे. आकडा पंधराच्या पुढे गेला की ग्राफ उघडल्याशिवाय सही नाही. परबने तो मशीनवर चिकटवलाय आणि वर लिहिलंय, 'मावशींचा नियम'. नवीन मुलं विचारतात, या मावशी कोण? मी सांगते, आमच्या लॅबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी बेवडी, आयुष्यात थेंबही न घेतलेली.