साडूंचा उलाँग

माझे थोरले साडू नाकाने जगतात. डोळे-कान त्यांना नाकाच्या सोबतीला दिलेले आहेत. कंपनीने कधीतरी त्यांना चीनला पाठवलं, तिथे वुयी डोंगराच्या कडेकपारीत वाढणारा, कोळशावर भाजलेला श्वेश्येन नावाचा उलाँग चहा त्यांच्या नाकात शिरला आणि तो अजून बाहेर पडलेला नाही. आता ते डब्लिनजवळ स्वोर्ड्सला राहतात. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक उबदार कपाट असतं, हॉट प्रेस म्हणतात त्याला. लोक त्यात टॉवेल ठेवतात. साडूंनी टॉवेल हद्दपार करून चहाचे डबे ठेवले. तरी हवेतली ओल पानांत शिरतेच, म्हणून हिवाळ्यात ती पानं मंद ओव्हनमध्ये पुन्हा भाजायची, आणि कधी थांबायचं ते घड्याळाने नाही, नाकाने ठरवायचं. त्या दिवसांत घरात फोडणी बंद. माझी मेव्हणी सुमाताई रेनकोट घालून बागेतल्या शेडमध्ये आमटीला हिंगाची फोडणी देताना मी पाहिली आहे. कुंपणापलीकडून शेजारणीने इथल्या पद्धतीने खुशाली विचारली, "ऑल ग्रँड?" ताई म्हणाल्या, "ग्रँड, ग्रँड!" आणि मग मराठीत, "नवरा तेवढा चुलीत घालायचाय."

चहाचं पहिलं पाणी ते सरळ सिंकमध्ये ओततात. पाहुणे हळहळले की म्हणतात, "तो चहा नव्हता, पानांची आंघोळ होती." मग इवलासा कप हातात देऊन विचारतात, "काय जाणवतं?" ॲथलोनच्या एका पाहुण्याने "साखर कमी आहे" असं सांगितलं, त्याच्याशी ते गणपतीपर्यंत बोलले नाहीत. मी दर रविवारी ब्युमॉन्टहून जातो आणि "छान" म्हणतो. "तुझं छान म्हणजे हजेरी दिल्यासारखं," असं ते म्हणतात.

यंदा त्यांना मोठी सर्दी झाली. सर्दी गेली. मग भाजणीच्या दिवशी पावसाला कंटाळून ताईंनी स्वयंपाकघरातच फोडणी दिली. हिंगाचा घमघमाट सुटला, आणि साडू ओव्हनपाशी हुंगत म्हणाले, "अजून थोडं." ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे. चहा कोळसा झाला होता. "यंदा जमलंय! काय जाणवतं?" मी म्हटलं, "छान." त्यानंतरचे सगळे रविवार मी तेच म्हणत राहिलो. ताईंचा फोन यायचा, "तुम्ही तरी सांगा हो, मी सांगितलं तर भांडण समजतील." मी हो म्हणायचो, जायचो, काजळी पिऊन परत यायचो. लोक मला मितभाषी म्हणतात. खरं म्हणजे मी भितो.

परवा त्यांनी सगळ्यात जुना डबा काढला. चीनमधून स्वतः आणलेला, शेवटचा. ट्रेमध्ये पानं पसरताना त्यांची बोटं इतकी हळुवार फिरत होती की माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊसाहेब, थांबा. तुम्हाला वास येत नाहीये. मागचा चहा करपला होता."

ते ट्रे धरून तसेच उभे राहिले.

"आणि तू तो दर रविवारी प्यायलास?"

"हो."

"गाढव आहेस." त्यांनी ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. "डॉक्टरकडे जाऊ. पण आधी हे." त्यांनी ओव्हनसमोर स्टूल ओढलं आणि मला त्यावर बसवलं. "बोल. काय येतंय?"

मला शब्द सापडेनात. आधी ओलं लाकूड म्हणालो. मग भाजके शेंगदाणे.

"सोललेले की सालासकट?"

"सालासकट."

ते डोळे मिटून ऐकत होते. मग काहीतरी गोडसर आलं, कशासारखं ते कळेना, आणि ते निसटून जाईल म्हणून मी घाईघाईने बोलू लागलो. तशी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सावकाश सांग रे," ते म्हणाले. "मला तिथं पोचायला वेळ लागतो."