आंधळी उचल

माझ्या मामाने एकतीस वर्षं काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात एकच काम केलं. दिवसभरातल्या बाटल्यांचे क्रेट माणसाच्या डोक्याच्या वर रचले जायचे, सकाळचे तळाला, संध्याकाळचे वर. त्यांतून रोज दहा बाटल्या काढायच्या, उजेडात धरून तडा बघायचा आणि किती वाईट निघाल्या तो आकडा वहीत लिहायचा. निवड न करता काढायच्या म्हणून या कामाला तिथे ‘आंधळी उचल’ म्हणत. मामाने ते शब्दशः घेतलं होतं. तो खरोखर डोळे मिटून हात घालायचा आणि लोक त्याला हसायचे. डोळे उघडे असले की मन चांगल्या बाटलीकडे धावतं, असं तो सांगायचा.

वडील गेल्यावर त्यानेच मला शिकवलं. मी संख्याशास्त्राची प्राध्यापक झाले, आणि त्याच्याच कारखान्याने कामगारांना चार धडे द्यायला मला बोलावलं. मामा पहिल्या बाकावर नवा शर्ट घालून बसला होता.

‘यादृच्छिक चल’ हा शब्द फळ्यावर लिहिताच सगळ्यांचे चेहरे उतरले. मग मी मामाची वहीच मागून घेतली. म्हटलं, यातला रोजचा आकडा म्हणजे यादृच्छिक चल. उद्या शून्य येईल की तीन, हे कुणालाच सांगता येत नाही. पण पुष्कळ दिवसांत शून्य किती वेळा येईल, एक किती वेळा, याचा अंदाज मात्र बांधता येतो. लोकांना ते पटलं. मामाने मान डोलावली.

इथे गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण शहाणपणा पाजळायची खोड माझी. गिऱ्हाइकांकडे दहात एक बाटली तडकलेली निघते, हे मॅनेजरसाहेबांनी मला सांगितलं होतं आणि ते मागेच बसले होते. मी हिशेब मांडला. असं असेल तर दहा दिवसांत शून्य तीन-चार दिवसच यायला हवं. वहीत गेली दोन वर्षं ते नऊ-नऊ दिवस येत होतं.

“म्हणजे ही उचल आंधळी नाही,” मी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार मजा वाटली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चार जणांसमोर मामाला उचल करायला लावली. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, आणि डावा लहानपणापासूनच अधू. खांदा दोन वर्षांपूर्वीच आखडला होता. तिथे हात चालेनासा झालेल्याला घरी पाठवत, म्हणून त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. डोळे तो प्रामाणिकपणे मिटायचा, पण हात पोचायचा फक्त खालच्या, सकाळच्या क्रेटपर्यंत. संध्याकाळी साचे तापून तडे जायचे, त्या बाटल्या वरच राहायच्या.

निवृत्तीला सतरा महिने उरले असताना त्याला काढलं. कागदावर कारण लिहिलं, ‘खोट्या नोंदी’. मला आभाराचं पत्र आलं.

आठवड्याने मी घरी गेले. मामीने दार उघडलं आणि पाठ फिरवून आत गेली. मामा कपडे वाळत घालत होता. दोरी छातीच्या उंचीला बांधलेली होती. दोन वर्षं मी तिच्याखालून वाकून आत जात होते.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानेच थांबवलं.

“गणित बरोबर होतं गं तुझं. डोळे मिटले की झालं, असं मलाच वाटायचं.” त्याने एक टॉवेल झटकला. “फक्त आधी घरी येऊन विचारायचं होतंस मला.”

मला ते सुचलंच नव्हतं.