नोआगाची नक्कल

पडद्यावर आन्सेल्म मेला की त्याची आई टीव्ही बंद करी, अंगणात येऊन अपशकुन टळावा म्हणून जमिनीवर पाणी शिंपडी आणि मग पॅरिसला फोन लावी. "जिवंत आहेस ना?" हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा असा, "ती माणसं सारखी तुलाच का मारतात रे? भांडलास का कुणाशी?"

आन्सेल्म पारे हसून वेळ मारून नेई. खरे उत्तर देण्यात अर्थ नव्हता. युरोपातल्या मालिकेत त्याच्या वर्णाचा माणूस पहिल्याच भागात कालव्यात तरंगताना सापडावा लागतो. म्हणजे मग उरलेल्या भागांत एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याला त्याच्यासाठी दुःखी होता येते आणि त्या दुःखाबद्दल पारितोषिकही घेता येते. तिकडे आफ्रिकेत, वागादुगू शहराच्या दापोया मोहल्ल्यात राहणाऱ्या म्हातारीला हे शास्त्र कोणत्या तोंडाने समजावून सांगायचे?

तो तिकडे गेला तो कालव्यात तरंगायला नव्हे. तरुणपणी एका फिरत्या नाटकमंडळीबरोबर तो गावोगाव झाडाखाली नाटके करी. चित्रपट महोत्सवासाठी आलेल्या एका परदेशी दिग्दर्शकाने त्याला असाच पाहिला आणि चित्रपटात घेतले. त्या पहिल्या चित्रपटात त्याच्या पात्राला नाव होते, बायको होती, एक लांबलचक स्वगत होते. त्यानंतरची पंचवीस वर्षे तो पहारेकरी झाला, तस्कर झाला, स्वयंपाकी झाला, होडीतून आलेला निर्वासित झाला, एकदा तर कोणत्याही नकाशात नसलेल्या देशाचा लाचखाऊ मंत्रीही झाला. नाव मात्र त्याला क्वचितच मिळाले.

ब्रुसेल्समधल्या पहिल्याच कामाच्या वेळी दिग्दर्शक त्याला बाजूला घेऊन गेला. गृहस्थ अत्यंत सभ्य होता. त्या मुलखात सर्वांत वाईट गोष्टी सर्वांत सभ्य माणसे करतात.

"तुमचं फ्रेंच फार स्वच्छ आहे हो," तो म्हणाला. "जरा तिकडचं होऊ द्या."

"तिकडचं म्हणजे कुठलं?"

"म्हणजे... आफ्रिकेतलं."

त्यासाठी एक शिक्षिका नेमण्यात आली. बाई लियों शहरात जन्मलेल्या आणि तिथेच वाढलेल्या. तोंड मोठे उघडायचे, 'र' घोळवायचा, वाक्याचे शेपूट वर उडवायचे आणि शेवटी पोटातून गडगडाटी हसायचे, हे सारे त्यांनी त्याला शिकवले. तसे वागादुगूत कोणी बोलत नाही, डाकारमध्ये बोलत नाही, किन्शासातही बोलत नाही. तो कोणत्याच गावचा आवाज नव्हता. पण भाकरी त्यानेच दिली. पुढे पुढे तर नव्याने येणाऱ्या आफ्रिकी पोरांना तो आवाज शिकवायला निर्माते आन्सेल्मलाच बोलावू लागले, आणि तोही गेला.

एकदाच त्याला शाळामास्तरची मोठी भूमिका मिळाली होती. त्याने घरी कळवले. ज्या दिवशी तो चित्रपट टीव्हीवर लागला त्या दिवशी दापोयातल्या अंगणात शेजारपाजार जमला. संकलनात त्याचे सगळे प्रसंग कापले गेले होते. एका दृश्यात फळ्याकडे वळलेले त्याचे डोके तेवढे मागून दिसले. अंगणात कोणाला काय बोलावे ते कळेना. तेव्हा समोरच्या घरचा नोआगा काफांदो याने नेहमीप्रमाणे डोक्यावरची टोपी काढली, शब्द तिच्या तळाशी ठेवलेले असावेत तसे आत पाहिले आणि तो जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "मागून पाहिलं तरी सामोचंच डोकं. आत काही नाही."

अख्खे अंगण हसले, आन्सेल्मची आईसुद्धा.

नोआगा मोसी, पारे मंडळी सामो. या दोन जमातींनी एकमेकांना गुलाम म्हणायचे, एकमेकांच्या ताटावरून, बापजाद्यांवरून वाट्टेल ते बोलायचे आणि त्याचा राग धरायचा नाही, हा पूर्वापार करार. नोआगा स्कूटर-मोपेड दुरुस्त करी. आन्सेल्मचा बाप रोज सकाळी त्याच्या दुकानी जाऊन त्याला शिव्या घालून येई, आणि त्यावाचून दोघांचाही दिवस सुरू होत नसे.

हा करार मरणानेही सुटत नाही. मोसीच्या घरी माणूस गेला की सामोने जायचे, मेलेल्याची टोपी घालायची, त्याच्यासारखे चालायचे, बोलायचे, रडणाऱ्यांना हसवायचे. मेलेला माणूस तेवढ्यापुरता परत येतो, घरच्यांना भेटतो आणि मग जातो.

यंदा आन्सेल्म दापोयात होता तो बापाचे खुब्याचे हाड मोडले म्हणून. तसे त्याने सर्वांना सांगितले होते. वर्षभर पॅरिसहून एकही काम आलेले नाही, हे सांगितले नव्हते. त्याच आठवड्यात नोआगा गेला.

"माझे पाय गेलेत," बाप खाटेवरून म्हणाला. "तूच जायचंस."

"बा, मला सवय राहिली नाही."

"सवय? नट ना तू? गोरे पैसे मोजून बघतात ना तुला? मग एका म्हाताऱ्या गाढवाची नक्कल करायला काय जड आहे?" मग तो म्हणाला, "आपल्या घरचं कुणी गेलं नाही तर उद्यापासून तिपोको आपल्याला नीट नमस्कार करायला लागेल."

तिपोको ही नोआगाची बायको. त्या गल्लीत नीट नमस्काराइतकी भयंकर गोष्ट दुसरी नाही. ज्यांचे एकमेकांशी काही नाते नसते ते नीट नमस्कार करतात. आजोबांच्या वेळेपासून चालत आलेले नाते तुटले, तर ते आपल्यापाशी तुटले असे होईल, हे आन्सेल्मला उमगले.

तो गेला. तिपोकोने नोआगाची टोपी आणि ऑइलचे डाग पडलेले जाकीट त्याच्या हाती दिले. माणसांनी आवार भरले होते. आन्सेल्मने डावा खांदा पाडला, पाय किंचित ओढत तो चालू लागला, आणि मागच्या रांगेतल्या बायका दचकून एकमेकींना धरू लागल्या. शरीर चुकले नव्हते. त्याने टोपी काढली, आत पाहिले. आवार श्वास रोखून पुढे झुकले, कारण नोआगाचे बोलणे ऐकायला नेहमीच पुढे झुकावे लागे.

मग त्याने तोंड उघडले, आणि लियोंच्या बाईंनी शिकवलेला आवाज बाहेर पडला. मोठा, घोळलेला, शेपूट वर उडवणारा.

क्षणभर कोणाला काही कळले नाही. मग भिंतीपाशी उभी असलेली पोरे ओरडली, "अरे, हा तर टीव्हीवरचा पहारेकरी!" मोबाइल वर झाले. हशा पिकला, टाळ्या पडल्या. येथेच थांबता आले असते. पण हशा ऐकल्यावर नट जे करतो तेच आन्सेल्मने केले: त्याने आणखी दिले. तो पोटातून गडगडाटी हसला.

तिपोको उठून उभी राहिली.

"हा कोण बोलतोय?"

"काकी, मी..."

"माझा माणूस चाळीस वर्षांत एकदा ओरडला नाही. स्कूटर पायावर पडली तेव्हासुद्धा हळूच म्हणाला, तिपोको, जरा इकडे ये. हा कुठला बैल आणलायस माझ्या घरात?" तिने हात पुढे केला. "टोपी दे."

त्याने टोपी दिली. जाकीटही उतरवले.

तो घरी आला तेव्हा बाप दाराकडे डोळे लावून पडला होता.

"हसले?"

"हसले."

"कुणाला?"

आन्सेल्म उंबऱ्यावरच बसला. "मला, बा." मग खाटेकडे सरकत म्हणाला, "त्याचा आवाज कसा होता सांगा ना. एकदा काढून दाखवा. अजून नेलं नाहीये त्याला."

बापाने ओठ हलवले. पुन्हा हलवले. "मला ऐकू येतोय," तो म्हणाला. "काढता येत नाही आता." मग एकाएकी त्याने खाटेच्या लाकडावर मूठ आपटली. "नक्कल राहू दे! पण पाऱ्यांचा माणूस रीतीप्रमाणे तिरडीला आडवा न येता तो मोसी गल्लीबाहेर गेला, तर मला बाप म्हणू नकोस. जा!"

तिरडी दारातून बाहेर पडतच होती. आन्सेल्म धावत जाऊन गल्लीच्या मधोमध उभा राहिला. खांदेकरी थांबले. कोणत्या आवाजात बोलायचे, हे त्याला क्षणभर ठरवता येईना. शेवटी जो निघाला तो त्याचा स्वतःचा होता. न वापरलेला, गंज चढलेला.

"खाली ठेवा त्याला. माझा गुलाम आहे. मालकाला न विचारता निघाला कुठं?"

खांदेकऱ्यांनी तिपोकोकडे पाहिले. तिने डोईचे फडके सावरले.

"मालक म्हणे! कुत्र्याच्या मुंडक्यासाठी भावाभावांत मारामाऱ्या करणारे कधीपासून मालक झाले?"

"कुत्रं तरी खातो आम्ही, काकी. तुमच्यात गाढव मेलं तर सुतक पाळतात."

"आणि सामो मेला तर मेजवानी देतात! बाजूला हो, नाहीतर तुलाही याच खड्ड्यात घालीन. तेवढी जागा आहे."

एक-दोन माणसे हसली. बाकीच्यांनी रीत म्हणून साथ दिली. कोणीतरी ज्वारीच्या दारूने भरलेली भोपळ्याची वाटी त्याच्या हाती दिली. त्याने घोट घेतला, उरलेली जमिनीवर ओतली आणि तो बाजूला झाला. रीत पुरी झाली. पारे आणि काफांदो यांचे नाते तुटले नाही; उद्या सकाळी तिपोको त्याला शिवी घालणार, हे नक्की होते.

त्याच्याजवळून जाताना मात्र ती थांबली. आता तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"माझा सासरा गेला तेव्हा तुझा बाप आला होता," ती म्हणाली. "टोपी घातली, उंबऱ्यावर बसला आणि सासऱ्याच्या आवाजात माझ्याकडं बाजरीच्या पिठाचं पाणी मागितलं. मी आणून दिलं. देऊन झाल्यावर कळलं की कुणाला दिलं ते." तिने मान हलवली. "आज सकाळपासून मी तसंच पाणी कालवून ठेवलं होतं, आन्सेल्म."

ज्यांनी त्याला पंचवीस वर्षे काम दिले त्यांच्यावर ढकलता येईल असे पुष्कळ काही होते आणि त्यातले बरेचसे खरेही होते; पण या बाईपुढे त्याचा उपयोग नव्हता.

माणसे वळणाआड गेली. गल्ली रिकामी झाली तेव्हा आन्सेल्म नोआगाच्या बंद दुकानाच्या फळीवर बसला आणि त्याने ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले, तिपोको, जरा इकडे ये. पहिल्या वेळी टीव्हीवरचा पहारेकरी बोलला. दुसऱ्या वेळीही तोच. मग तो प्रत्येक वेळी आवाज आणखी खाली आणत ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, इतका खाली की शेवटी नुसता श्वास उरला आणि तो कोणाचा होता हे त्यालाही सांगता येईना.