मेलेल्या नायकाचं नाव

टेंभुर्णीच्या स्टँडवरनं मी कुत्र्याचं पिल्लू सोलापूरला आणलं, पण त्याचं नाव ठेवायला मला कोण विचारतंय! ते संध्याकाळच्या मालिकेनं ठेवलं. मालिकेचा नायक दहा गुंडांना लोळवायचा आणि घरी येऊन आईच्या पाया पडायचा. त्यामुळं माझ्या आईला तो माझ्यापेक्षा प्यारा. बारशाला आत्या हवी म्हणून तिनं भवानी पेठेतनं माझ्या बहिणीला बोलावलं. बहिणीनं पिल्लाच्या कानात नायकाचं नाव सांगून कुर्र केलं. मी ऑफिसातनं आलो तर हातावर घुगऱ्या पडल्या.

वर्षभर बरं चाललं. मग मालिकेत नायकाला दरीत ढकललं. आई दोन वेळा जेवली नाही. त्याच आठवड्यात आमच्या कुत्र्याला रक्ताची हगवण लागली. डॉक्टरांनी सलाइन लावलं, सुया दिल्या. आईचं मात्र एकच पालुपद.

"मेलेल्याचं नाव हाय ते. आदी बदला."

मी समजावलं, चिडलो, शेवटी हात टेकले. बहीण पुन्हा आली. पोत्यावर पडलेल्या त्या जिवाच्या कानात देवाचं नाव सांगून पुन्हा कुर्र झालं. कान हललासुद्धा नाही. जुनं नाव घ्यायला घरात बंदी झाली.

आई पाणी आणायला आत गेली तेव्हा मी हळूच जुन्या नावानं हाक मारली. शेपटीचं टोक हललं. मला रडूच आलं. मान वर केली तर आई दारात उभी.

"नको रं, त्ये नाव घिऊ नको," म्हणत तिनं हात जोडले.

आईनं हात जोडल्यावर पोरानं काय करायचं? मी ते नाव पुन्हा घेतलं नाही. दुपारी कुत्रं गेलं. आम्ही सगळे नवं नाव घेऊन त्याला हाका मारत होतो आणि ते कुणाकडंच बघत नव्हतं.

महिन्याभरानं नायक परत आला. दरीत खाली कुणीतरी त्याला सांभाळलं होतं म्हणे. पडद्यावर ओवाळणं चाललं होतं. टीव्ही बंद करावा की राहू द्यावा मला कळेना, रिमोट नुसता हातात धरून बसलो.

ओवाळणं संपेपर्यंत आई पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यो जित्ताच हुता व्हय? मग आपल्या त्याला एक हाक मारू दिली आसती की मी तुला."